क्लिकर पडत नाही तेव्हा

टार्गेट पॅनिक, म्हणजे नेम धरताच हात न ऐकणं, हे भित्र्या धनुर्धराला होतं, असा आपल्याकडे समज आहे. मी मैदानावर पाहिलं ते याच्या उलट. नवशिक्याला ते क्वचितच होतं. ज्याचे बाण टार्गेटच्या मधल्या पिवळ्यात बसायला लागलेत, ज्याच्याकडून पदकाची अपेक्षा आहे, जो एकही सराव चुकवत नाही, त्यालाच ते गाठतं. मलाही माझा स्कोअर सगळ्यात चांगला होता तेव्हाच गाठलं.

मी रिकर्व्ह खेळतो. या धनुष्यावर बाणाचं टोक क्लिकर नावाच्या पातळ पट्टीखाली अडकवलेलं असतं. दोरी हनुवटीखाली टेकली की पाठीच्या स्नायूंनी उरलेले दोन-तीन मिलिमीटर ओढायचे. टोक पट्टीखालून निसटतं, टक् असा आवाज होतो आणि बोटं सैल पडतात. माझे ते शेवटचे दोन मिलिमीटर येईनासे झाले. नेम धरायची साईट खाली लाल रंगात असली की क्लिकर सहज पडायचा. पिवळ्यावर आली की पाठ थिजायची. पुढे पुढे तर क्लिकर पडायच्या आधीच बोटं उघडू लागली. ७० मीटरवरच्या १२२ सेंटिमीटरच्या टार्गेटवर माझे बाण निळ्या-काळ्यात जाऊ लागले. कंपाउंड धनुष्यवाल्यांना हेच ट्रिगरवर होतं: साईट पिवळ्याला शिवली रे शिवली की बोट हिसका देतं.

मित्रांनी, घरच्यांनी आणि एका प्रशिक्षकांनीही सांगितलं, ‘मन खंबीर कर.’ हा सल्ला मला फार लागला. मन खंबीरच होतं, हात ऐकत नव्हता. डार्ट्समध्ये पाच वेळा जगज्जेता झालेला इंग्लंडचा एरिक ब्रिस्टो १९८०च्या दशकात ऐन भरात असताना अशाच अवस्थेत सापडला. डार्ट बोटांतून सुटेनाच. त्याला कोणी भित्रा म्हणणार नाही.

होतं ते असं. पिवळं दिसलं की सोड, हे हजारो बाणांमधून मेंदूत पक्कं बसतं. मग नेम धरणं आणि बाण सोडणं ही दोन कामं एक होऊन जातात. पिवळं जवळ येताच सुटण्याची आज्ञा आपोआप निघते. एक तर ती बोटं उघडते, नाहीतर तिला रोखण्यासाठी सगळं शरीर आखडतं. त्यात ‘साईट अगदी स्थिर झाली की सोडू’ ही अपेक्षा. साईट कोणाचीच स्थिर राहत नाही, जगज्जेत्यांचीही नाही. हलती साईट हलू देऊन पाठीनं ओढत राहायचं असतं.

म्हणून जास्त बाण मारून हे जात नाही, उलट घट्ट होतं. बोटांवरचा नवा टॅब, नवे बाण, क्लिकर काढून टाकणं, यांनी चार दिवस बरं वाटतं आणि दुखणं परत येतं. ही दोन कामं पुन्हा वेगळी करणं, हाच मला दिसलेला मार्ग.

त्यासाठी आधी टार्गेट फेस, म्हणजे रंगीत वर्तुळांचा कागद, काढून टाका. फेस लावतात त्या रिकाम्या बटसमोर तीन-चार मीटरवर उभे राहा. शिकवणारं कोणी शेजारी असेल तर डोळे मिटून मारा. पाठ कशी ओढते, एवढंच जाणून घ्यायचं.

मग फेस लावा, पण बाण सोडू नका. ओढा, टेकवा, साईट पिवळ्यावर आणा, ती तिथं हलत राहू द्या आणि दोरी न सोडता सावकाश धनुष्य उतरवा. माझ्या मते सगळ्या उपचाराचा जीव यात आहे, आणि कंटाळून बहुतेक जण हेच सोडतात. पिवळं दिसूनही सोडायचं नसतं, हे हाताला इथं पहिल्यांदा कळतं. मात्र बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नका. धनुष्याची पाती (लिंब) तुटू शकतात आणि डोळ्याला इजा होऊ शकते.

त्यानंतर क्लिकर. तो पडला तरी ओढत राहायचं आणि उतरवायचं. पुढच्या टप्प्यात पाठीमागे सरांना उभं करा. क्लिकर पडल्यावर ‘सोड’ की ‘उतरव’ ते त्यांनी सांगायचं, आणि काय सांगणार हे आधी कळू द्यायचं नाही.

हे जमलं की मोठा फेस पाच मीटरवर, मग दहा, अठरा, तीस. लक्षण परत दिसलं तर त्याच दिवशी मागच्या अंतरावर या. या काळात स्कोअर लिहू नका. स्पर्धेतल्या सामन्यात एका बाणाला २० सेकंद मिळतात. त्यात एकदा धनुष्य उतरवून पुन्हा ओढता येतं. पण ती सवय सरावात लागलेली हवी.

धनुष्याचं ओढीचं वजनही तपासा. पेलत नाही एवढ्या पाउंडाचं धनुष्य दिलं की मूल घाईनं सोडायला शिकतं आणि पॅनिकचं बी तिथंच पडतं. २०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते झाले. ओजसनं अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. अशा आकड्यांनी उमेद येते, आणि मग आठवीतल्या मुलासाठीही जड धनुष्य मागितलं जातं. ते देऊ नका.

पालकांना माझी विनंती आहे: मुलगी मैदानावरून आली की आधी स्कोअर विचारू नका. आणि तिचा क्लिकर अडकायला लागलाय असं सर सांगत असतील, तर पुढच्या स्पर्धेतून तिचं नाव मागे घ्या. जिल्ह्याची स्पर्धा पुढच्या वर्षीही आहे.