वृत्तकथनातील कर्ता : युद्धकाळातील पॅलेस्टिनी

दूरचित्रवाणीवरील वार्तापत्र हा एक कथनप्रकारच होय; आणि कादंबरीला आपण जे प्रश्न विचारतो ते त्यालाही विचारता येतात. कथेचा आरंभ कोठे होतो? क्रियेचा कर्ता कोण? नाव कोणाला मिळते?

ग्रेग फायलो व माइक बेरी यांनी 'बॅड न्यूज फ्रॉम इस्रायल' (२००४) या ग्रंथात दुसऱ्या इंतिफादाचे ब्रिटिश वाहिन्यांवरील वृत्तांकन तपासले. तेथे कथेला आरंभ बहुधा पॅलेस्टिनी हल्ल्याने होतो. इस्रायलची कृती 'प्रत्युत्तर' म्हणून येते. १९४८ चे विस्थापन आणि १९६७ पासूनचा लष्करी ताबा या पूर्वकथेला जागाच उरत नाही. त्यांनी २००१ साली विचारलेल्या विद्यार्थ्यांत ताबा इस्रायलचा आहे हे जाणणारे ९ टक्के, तर तो पॅलेस्टिनींचा आहे असे समजणारे ११ टक्के निघाले!

कर्त्याचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. इंग्रजी वृत्तभाषेचे टीकाकार बहुधा कर्मणी प्रयोगाला दोष देतात. मराठीच्या प्रयोगविचाराची सवय असलेल्या अभ्यासकाला हे निदान अपुरे वाटेल. 'मुलगा मारला गेला' या रचनेत 'सैनिकांकडून' हे पद निदान जोडता तरी येते. 'चकमकीत मुलगा मरण पावला' येथे मात्र क्रियापद अकर्मक असल्याने व्याकरणदृष्ट्या मुलगाच कर्ता ठरतो. मारणाऱ्यासाठी वाक्यात स्थानच नाही. 'जीवितहानी झाली' यात तर मुलगाही नाहीसा होतो. वृत्तसंस्थांचा मजकूर घाईने मराठीत आणताना आपणही हीच रचना स्वीकारतो.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली, सुमारे २५० ओलीस धरली गेली. त्यांची नावे, छायाचित्रे, आप्तांचे शब्द जगभर पोचले, आणि ते योग्यच झाले. गाझातील मृत मात्र पुष्कळदा संख्येच्या रूपाने आले, तेही 'हमास-संचालित मंत्रालयानुसार' या पुस्तीसह. स्रोत सांगणे हा वृत्तधर्मच आहे. परंतु तोच दंडक इस्रायली लष्कराच्या दाव्यांना लावला गेला काय, हेही तपासले पाहिजे.

एडवर्ड सैद यांनी १९८२ च्या लेबनॉन युद्धानंतर, १९८४ मध्ये, 'परमिशन टू नॅरेट' या निबंधात हेच दाखविले होते : तथ्ये उपलब्ध असूनही त्यांना धारण करणारे कथन पॅलेस्टिनींना नाकारले जाते. गाझात या प्रश्नाला आणखी एक पदर आला. इस्रायलने परदेशी पत्रकारांना तेथे स्वतंत्रपणे प्रवेश नाकारला. काही भारतीय वाहिन्यांचे प्रतिनिधीही इस्रायलमधूनच बोलत राहिले. गाझातील निवेदन पॅलेस्टिनी पत्रकारांकडेच उरले. अल् जझीराचे वाएल दहदूह यांची पत्नी, मुलगा, मुलगी आणि नातू ऑक्टोबर २०२३ मधील हवाई हल्ल्यात मारले गेले. दुसऱ्याच दिवशी दहदूह पुन्हा कॅमेऱ्यासमोर होते. त्यांचा शोक इतर वाहिन्यांनी पुष्कळ दाखविला. पण तेथे ते वार्तेचा विषय होते, निवेदक नव्हते.