झडपेची फट

शिरूरजवळ घोड नदीच्या किंवा दौंडजवळ भीमेच्या काठाने गेलात, तर नदीतून पाणी उपसणारे पंप तुम्हाला दिसतील. आज त्यांतले पुष्कळसे विजेवर चालतात. पण जेथे विजेची तार पोचलेली नाही किंवा विजेचा भरवसा नाही, तेथे डिझेलवर चालणारे एका सिलिंडरचे एंजिन अजूनही कामी येते. पुण्यात खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि पुढे अशी एंजिने महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या चांगलीच परिचयाची झाली.

हे एंजिन दुरुस्त करणारा कारागीर काय करतो, ते कधी जवळून पाहा. एंजिन पुरते थंड झाले, की तो माथ्यावरचे झाकण काढतो. फ्लायव्हील हाताने फिरवून एका ठरावीक जागी आणतो. मग पोलादाची एक पातळ पाती दोन भागांच्या मध्ये सरकवून बघतो. पाती फारच सैल गेली किंवा मुळीच शिरली नाही, तर एक स्क्रू किंचित फिरवतो. या कामाला तो 'टॅपेट सेट करणे' म्हणतो.

येथे एक प्रश्न सहज पडावा. जे भाग एकमेकांना ढकलण्यासाठीच बसवले आहेत, त्यांच्यामध्ये मुद्दाम फट कशाला ठेवायची? आणि ठेवायचीच, तर ती मिलिमीटरच्या दहाव्या-शंभराव्या भागापर्यंत मोजून का ठेवायची?

हौशी मंडळी विमानांच्या प्रतिकृती ज्या चिमुकल्या एंजिनांवर उडवतात, त्यांतल्या चार धावांच्या एंजिनातही हीच फट असते. जपानमधील ओ. एस. या कंपनीने १९७६ साली अशा प्रकारचे सुमारे १० घनसेंटिमीटरचे एंजिन बाजारात आणले, आणि तेव्हापासून ही एंजिने हौशी लोकांच्या हाती मोठ्या प्रमाणावर आली. गंमत अशी, की नदीकाठच्या थोरल्या एंजिनातली फट तापल्यावर घटते, तर विमानाच्या या धाकट्या एंजिनातली फट तापल्यावर बहुधा वाढते! असे का, ते आपण साध्या गणिताने पाहू.

चार धावा, दोन झडपा

दट्ट्या सिलिंडरच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला, की त्याची एक धाव झाली. यालाच कारागीर स्ट्रोक म्हणतात. पहिल्या धावेत हवा आत येते, दुसरीत ती दाबली जाते, तिसरीत इंधन जळून दट्ट्याला रेटा मिळतो आणि चौथीत जळलेले वायू बाहेर जातात. आत येण्याची एक झडप आणि बाहेर जाण्याची एक झडप असते. चार धावांत मुख्य दंड दोनदा फिरतो आणि प्रत्येक झडप एकदाच उघडते.

आता हिशेब करा. पंपाचे एंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटाला ७५० वेळा उघडते. विमानाचे धाकटे एंजिन १०,००० फेरे घेत असेल, तर त्याची झडप मिनिटाला ५,००० वेळा, म्हणजे सेकंदाला ८३ वेळा उघडझाप करते.

झडप उघडते कशी? खाली कॅमचा उंचवटा फिरत असतो. तो एक उभी दांडी वर ढकलतो. तिला आपण ढकलदांडी म्हणू. ढकलदांडी वरच्या रॉकरचे एक टोक उचलते. रॉकर आडाच्या रहाटासारखा नव्हे, तर मुलांच्या सी-सॉसारखा मध्ये टेकलेला असतो. म्हणून त्याचे दुसरे टोक खाली जाते आणि झडपेच्या दांड्याला दाबते. झडप उघडते. कॅमचा उंचवटा निघून गेला, की स्प्रिंग झडपेला परत तिच्या बैठकीवर नेऊन बसवते. रॉकरचे टोक आणि झडपेच्या दांड्याचे टोक यांच्यामध्ये, झडप बंद असताना, जी जागा उरते तीच आपली फट.

थोरल्या एंजिनाचा हिशेब

तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले, म्हणजे पदार्थाची लांबी मूळ लांबीच्या जितक्या पटीने वाढते, त्याला एकरेषीय प्रसरणांक म्हणतात, हे तुम्ही शिकला आहात. पोलादाचा प्रसरणांक सुमारे ०.००००१२, बिडाचा ०.००००११ आणि ॲल्युमिनियमचा ०.००००२३ आहे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरते, एवढे ध्यानात ठेवा.

पंपाच्या एंजिनाचा सिलिंडर आणि त्याचा माथा बिडाचा आहे असे धरू. वायू बाहेर सोडणारी झडप पोलादाची, १०० मिलिमीटर लांब. जळते वायू तिच्या अंगावरून जातात, म्हणून ती सरासरी २५० अंशांनी तापली असे समजू. तर तिची वाढ

१०० × ०.००००१२ × २५० = ०.३० मिलिमीटर.

झडप जिच्यावर बसते त्या बैठकीपासून रॉकरच्या टेकूपर्यंत माथ्याची उंचीही १०० मिलिमीटर धरू. माथा पाण्याने किंवा हवेने थंड राखलेला असतो, म्हणून तो १०० अंशांनीच तापला असे मानू. त्याची वाढ

१०० × ०.००००११ × १०० = ०.११ मिलिमीटर.

झडप ०.३० ने वर आली, रॉकर ०.११ नेच वर सरकला. म्हणजे फट ०.१९ मिलिमीटरने कमी झाली. ढकलदांडी पोलादाची आणि सिलिंडर बिडाचा. दोघांची वाढ जवळपास सारखी, म्हणून ती येथे सोडून दिली आहे.

आता समजा, कारागिराने थंड एंजिनात फट ०.१० मिलिमीटरच ठेवली. एंजिन तापल्यावर झडपेला वाढायला ०.१९ मिलिमीटर हवे आणि जागा मिळते ०.१०. मग रॉकर झडपेला वर जाऊ देणार नाही आणि झडप आपल्या बैठकीवर टेकणारच नाही. वायू सोडणाऱ्या झडपेची फट आत घेणाऱ्या झडपेपेक्षा पुष्कळ एंजिनांत अधिक का सांगितलेली असते, तेही यावरून कळेल. आत घेणाऱ्या झडपेला दर दोन फेऱ्यांत एकदा थंड हवेची आंघोळ घडते.

धाकट्या एंजिनाचा हिशेब

विमानाच्या एंजिनाला वजन परवडत नाही. त्यामुळे त्याचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते, पण झडपा आणि ढकलदांड्या पोलादाच्या. कॅमपासून रॉकरच्या टेकूपर्यंतची उंची ६० मिलिमीटर आणि तापमानातील वाढ १०० अंश धरू. टेकू वर सरकेल

६० × ०.००००२३ × १०० = ०.१३८ मिलिमीटर.

ढकलदांडी सिलिंडरच्या बाहेरच्या अंगाने जाते आणि कमी तापते. तिची लांबीही ६० मिलिमीटर आणि वाढ ७० अंश धरली, तर ती लांबते

६० × ०.००००१२ × ७० = ०.०५० मिलिमीटर.

म्हणजे ढकलदांडीच्या बाजूला ०.०८८ मिलिमीटर जागा जास्तीची झाली. झडपेच्या बाजूला काय होते? २५ मिलिमीटरची झडप २०० अंशांनी तापून ०.०६० मिलिमीटर वाढते, आणि तेवढ्याच उंचीचा ॲल्युमिनियमचा माथा १०० अंशांनी तापून सुमारे ०.०५८ मिलिमीटर वाढतो. म्हणजे तेथे जमाखर्च जवळजवळ बरोबर. एकूण फट वाढली!

वरची मापे हिशेबासाठी घेतलेली आहेत. प्रत्येक एंजिनाची खरी मापे निराळी असतील. पण दिशा तीच राहते. अशा लहान एंजिनांच्या माहितीपुस्तिकेत थंड एंजिनासाठी ०.०४ ते ०.१० मिलिमीटर एवढी बारीक फट सांगितलेली असते, तिचे कारण आता उघड आहे. जुन्या, बिडाच्या सिलिंडरच्या बुलेट मोटारसायकलीत तर थंड असताना फट जवळजवळ शून्य ठेवतात. ढकलदांडी बोटांनी सहज फिरावी, पण वरखाली खेळू नये, एवढीच ती सैल असते.

म्हणून एका एंजिनाची फट दुसऱ्याला लावू नये. पुस्तिकेत त्या एंजिनासाठी दिलेला आकडाच खरा. तो आकडा थंड एंजिनाचा असेल, तर एंजिन खरोखर थंड हवे. गरम एंजिनात प्रत्येक भागाचे तापमान वेगळे असते आणि दर मिनिटाला उतरत असते. तेव्हा मोजलेली फट कोणत्या तापमानाची, हे कुणालाच सांगता येणार नाही.

आवाज करणारी फट आणि मुकी फट

फट जास्त झाली, तर रॉकर झडपेवर आपटतो आणि टकटक असा आवाज येतो. झडप उशिरा उघडते, लवकर मिटते आणि कमी उघडते. शक्ती थोडी घटते, भाग झिजतात. पण आवाज आल्यामुळे मालक कारागिराला बोलावतो.

फट कमी झाली, तर आवाज येत नाही; उलट एंजिन अधिक शांत वाटते. येथेच खरा धोका आहे. झडपेने घेतलेली बरीचशी उष्णता, ती बंद असताना, तिच्या कडेवाटे बैठकीत उतरते. बैठकीवर टेकणे हीच तिची विश्रांती. ती टेकलीच नाही, तर उष्णतेला वाट राहत नाही, आणि उरलेल्या फटीतून जळते वायू जोराने निसटतात. झडपेची कड जळते, दाब राहत नाही, एंजिन सुरू व्हायला कुरकुर करते, डिझेल जास्त खाते. ऐन उन्हाळ्यात, उभ्या उसाला पाणी हवे असताना, माथा उतरवून झडप आणि बैठक घासण्याची वेळ येते. पाच मिनिटांत पातीने जे साधले असते, त्यासाठी मग दिवस मोडतो आणि पैसाही जातो.

आणखी एक गोष्ट. रॉकर आणि कॅम झिजले, तर फट वाढते. पण झडप व तिची बैठक झिजली, तर झडप आत रुतत जाते, तिचे टोक वर येते आणि फट आपोआप कमी होते. म्हणून 'आवाज नाही, म्हणजे ठीक आहे' असे समजू नये. पुस्तिकेत जितक्या तासांनी सांगितले असेल, तितक्या तासांनी फट मोजावीच.

फट कशी लावतात

एंजिन थंड असावे आणि चुकूनही सुरू होणार नाही अशी व्यवस्था करावी. डिझेल एंजिनाला सुरू करताना दाब सोडण्याचा खटका असतो. तो लावलेला राहिला, तर झडप उचललेली राहते आणि माप चुकते; तो काढून ठेवावा. मग एंजिन ज्या दिशेने चालते, त्याच दिशेने हाताने फिरवावे. आत घेणारी झडप उघडून मिटली, की त्यानंतर दट्ट्या वरच्या टोकाला येईल तेथे थांबावे. दट्ट्या चार धावांत दोनदा वर येतो, पण दोन्ही झडपा पूर्ण मिटलेल्या असतात त्या दाबाच्या धावेच्या शेवटीच. दोन्ही रॉकर किंचित हलतात की नाही, ते बोटांनी पाहावे.

आता ठरलेल्या जाडीची पाती फटीत घालावी. ती सरकावी, पण हाताला हलकी ओढ जाणवावी. तशी नसेल, तर कुलपी नट सैल करून स्क्रू फिरवावा, स्क्रू धरून ठेवून नट आवळावा आणि पुन्हा पाती घालून पाहावी. हे दुसऱ्यांदा पाहणे फार महत्त्वाचे, कारण नट आवळताना स्क्रू थोडासा फिरतो.

आधी फट, मग सुई

विमानाच्या एंजिनात मेथॅनॉल आणि वंगण तेल यांचे मिश्रण जाळतात. इंधन किती जावे, हे एक सुईसारखा स्क्रू ठरवतो. तो घट्ट केला की इंधन कमी, सैल केला की जास्त. फट चुकलेली असेल, तर सुई कितीही फिरवून एंजिन जागेवर येत नाही; म्हणून आधी फट, मग सुई.

पूर्ण वेगात सुई हळूहळू घट्ट करत नेली, की फेरे वाढत वाढत एका कमाल मर्यादेला पोचतात. तेथे थांबू नये. सुई पुन्हा थोडी सैल करून फेरे जरा उतरू द्यावेत. उड्डाणात इंधन किंचित कमी पडले, तरी एंजिन तापत नाही.

एकदा लावलेली सुई कायमची नसते. हिवाळ्यात पहाटे १० अंश आणि मे महिन्यात दुपारी ४० अंश तापमान असेल, तर हवेची घनता २८३ : ३१३ या प्रमाणात, म्हणजे सुमारे साडेनऊ टक्क्यांनी घटते. हवा विरळ झाली, म्हणजे इंधन तुलनेने जास्त होते, आणि सुई किंचित घट्ट करावी लागते.

दिवस संपला, की टाकी रिकामी करून एंजिनातले इंधन जाळून टाकावे आणि आत वंगणाचे थेंब सोडून एंजिन हाताने फिरवावे. मेथॅनॉल हवेतली ओल शोषते आणि बेअरिंग गंजतात. मेथॅनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय करू नये, आणि फिरत्या पंख्याच्या रेषेत कधीही उभे राहू नये.

करून पाहा

सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची पोलादी सळई टेबलावर आडवी ठेवा. एक टोक विटेला टेकवून पक्के करा. दुसऱ्या टोकाखाली १ मिलिमीटर जाडीची सुई आडवी ठेवा आणि सुईच्या टोकाला काडीचा हलका काटा चिकटवा. शिक्षकांच्या देखरेखीखाली सळई स्पिरिटच्या दिव्याने सर्वत्र सारखी तापवा. सरासरी १०० अंशांची वाढ झाली, तर सळई ०.३० मिलिमीटर लांबेल आणि काटा सुमारे १७ अंशांच्या कोनातून फिरेल. तेवढ्याच लांबीच्या ॲल्युमिनियमच्या सळईने तो सुमारे ३३ अंश फिरेल. जी वाढ डोळ्यांना दिसत नाही, ती काट्याला दिसते.

सोडवा

धाकट्या एंजिनाची ढकलदांडी पोलादाऐवजी ॲल्युमिनियमची केली, तर तापल्यावर त्या बाजूची फट किती वाढेल? उत्तर सुमारे ०.०४ मिलिमीटर आले पाहिजे. मग सांगा: हा बदल फायद्याचा, तर सगळ्याच एंजिनांत तो का करत नसतील? ॲल्युमिनियमची दांडी सेकंदाला ८३ वेळा ढकलली जाते, हे विसरू नका.