दुधाचे दात पडणारच, म्हणून काय झालं?

अगं, काल फोनवर तू किती सहज म्हणालीस, "ताई, पिल्लूच्या दातांवर पांढरे डाग दिसतायत, पण दुधाचेच दात ना, पडतीलच." ते काही माझ्या मनातून जात नाहीये. म्हणून आज नीट सांगते. घाबरू नकोस, फक्त ऐक.

हिरडीच्या कडेला खडूसारखे पांढरे डाग दिसले, की कीड लागायला सुरुवात झाली असं समजायचं. त्यामागे मुख्यतः एक जिवाणू असतो, स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स. क्लार्क नावाच्या संशोधकांनी १९२४ साली इंग्लंडमध्ये तो किडलेल्या दातांत शोधला. बाळ तो घेऊन जन्मत नाही. त्याला ठाण मांडायला दातासारखी टणक जागा लागते, आणि बहुतेकदा तो आईच्याच लाळेतून येतो. आता यावर कुणी म्हणेल, तू चमचा चाखून भरवलास म्हणून झालं. अजिबात मनाला लावून घेऊ नकोस. लेकीचा पापा घेणं का सोडायचं? त्यापेक्षा तुझी ती दुखरी दाढ आधी दाखव. आईच्या तोंडात कीड असली, की हे जिवाणूही जास्त असतात.

खरं लक्ष द्यायचं ते साखरेकडे. साखर मिळाली की हा जिवाणू तिच्यापासून चिकट थर तयार करतो, दाताला घट्ट धरून बसतो आणि आम्ल सोडतो. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला, की दाताचं वरचं कवच विरघळायला लागतं. लाळ ते सावरते, पण तिला अर्धा-पाऊण तास तरी हवा. आणि आपल्याकडे काय होतं? सकाळी साखरेचं दूध, मग बिस्किट, शेजारच्या काकूंचं चॉकलेट, रडली की गोळी. लाळेला उसंत मिळते कुठे?

स्वीडनच्या विपेहोल्म इस्पितळात १९४५ नंतर हेच तपासलं गेलं. जेवणासोबत खाल्लेल्या साखरेने कीड थोडीच वाढली. मधल्या वेळी चघळलेल्या चिकट टॉफ्यांनी भराभर वाढली. बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांवर, त्यांची संमती न घेता केलेला तो प्रयोग होता. वाचताना फार वाईट वाटलं. म्हणूनच त्यातून कळलेलं आपण वाया घालवू नये. गोड द्यायचंच तर जेवणाबरोबर दे, दिवसभर थोडं थोडं नको.

आणि रात्रीची बाटली बंद कर, लाडके. झोपेत लाळ अगदी कमी सुटते, गोड दूध रात्रभर दातांवर राहतं. रडेल दोन-चार रात्री, तू खचू नकोस. झोपण्याआधी तूच ब्रश कर. तीन वर्षांची होईपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट. वेष्टनावर किमान १००० पीपीएम फ्लोराइड लिहिलंय ना, बघून घे. मुलांच्या काही पेस्टमध्ये ते कमी असतं.

दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात गं. त्या लवकर गेल्या, तर शेजारचे दात सरकतात आणि पक्क्या दातांना जागा उरत नाही. शिवाय दुखरे दात घेऊन मूल जेवणार काय, झोपणार काय? खड्डा पडायच्या आधी हे पांढरे डाग भरून येऊ शकतात. या आठवड्यातच तिला दातांच्या डॉक्टरांकडे ने, आणि त्याच खुर्चीत तूही बसून ये.