नकार आला? आधी कारण लेखी मागा

क्रेडिट कार्डाचा अर्ज नामंजूर झाल्याचा मेसेज आला की बहुतेकजण एक तर गप्प बसतात, नाही तर त्याच संध्याकाळी दुसऱ्या बँकेचा अर्ज भरायला घेतात. या दोन्ही गोष्टी टाळा, हे सांगण्यासाठी हे लिहिते आहे. माझा अर्ज नाकारला गेला तेव्हा माझी शाळेतली नोकरी कायम होती, पगार दरमहा बँकेत जमा होत होता आणि स्वतःच्या कर्जाचा एकही हप्ता थकलेला नव्हता. तरीही 'बँकेच्या अंतर्गत निकषांनुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही' एवढंच उत्तर आलं.

त्या उत्तरावर थांबायची गरज नसते. क्रेडिट कार्डांबाबत रिझर्व्ह बँकेने २०२२ साली काढलेल्या निर्देशांत स्पष्ट म्हटलं आहे की, अर्ज नाकारला तर बँकेने त्यामागचं नेमकं कारण अर्जदाराला लेखी कळवायला हवं. 'अंतर्गत निकष' हे काही नेमकं कारण नव्हे. या नियमाचा उल्लेख करून मी बँकेला ईमेल केला, तेव्हा उत्तर आलं : 'क्रेडिट अहवालात थकबाकी असलेलं खातं दिसत आहे.'

मग अहवाल काढला. आपल्या देशात कर्जांची अशी नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. आपला अहवाल आपणच पाहिला तर स्कोअर कमी होत नाही, त्यामुळे ती भीती बाळगू नका.

माझ्या अहवालात एका सहकारी बँकेचं कर्ज होतं. 'ओनरशिप'च्या रकान्यात 'गॅरंटर' असं लिहिलेलं होतं. शाळेतल्या एका सरांनी घरदुरुस्तीसाठी कर्ज घेतलं होतं आणि मी त्यांना जामीन राहिले होते. खाली महिन्यागणिक चौकोनांची ओळ होती. बरेच चौकोन '०००' होते, आणि मध्येच ०३०, ०६१, ०९१. हप्त्याला किती दिवस उशीर झाला, ते हे आकडे सांगतात. वर शिल्लक रक्कमही दाखवली होती.

सरांना फोन केला. घरात मोठं आजारपण आलं होतं आणि तेव्हा त्यांचे हप्ते रखडले होते. पण पुढे त्यांनी व्याजासकट सगळं फेडलं होतं. "बाई, माझ्याकडे बेबाकी दाखला आहे, आत्ता फोटो पाठवतो," ते म्हणाले. म्हणजे एकाच खात्यात एक नोंद खरी होती आणि एक खोटी. हप्त्यांना उशीर झाला, हे खरं. कर्ज अजून बाकी आहे, हे खोटं. बँकेने खातं बंद झाल्याची माहिती पुढे कळवलीच नव्हती.

खरी आणि चुकीची नोंद अशी वेगळी करणं, हे या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम. चुकीची नोंद दुरुस्त होते. त्यासाठी अहवाल देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची, पुरावा जोडायचा आणि कर्ज देणाऱ्या बँकेलाही लेखी पत्र देऊन पोच घ्यायची. तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. माझ्या अहवालात शिल्लक शून्य झाली आणि खातं बंद दिसू लागलं. उशिराचे ते तीन आकडे मात्र राहिले, कारण ते खरे होते. खरी नोंद कुणीही पुसू शकत नाही. 'पैसे द्या, सिबिल साफ करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका आणि ओटीपी तर मुळीच सांगू नका.

जामीन राहणं ही आपल्याकडे नात्याची आणि शब्दाची गोष्ट असते. कायद्याच्या लेखी मात्र ती कर्जाची जबाबदारी आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. गरजेच्या वेळी सहकाऱ्याच्या पाठीशी उभं राहावं, असंच मला आजही वाटतं. पण सही करतानाच दोन गोष्टी ठरवून घ्या. हप्ता चुकणार असेल तर कर्जदाराने आधी आपल्याला सांगायचं, आणि कर्ज फिटल्यावर बेबाकी दाखल्याची एक प्रत आपल्याकडे द्यायची.

प्रत्येक नकारामागे जामीनकीच असते असं नाही. कधी अहवालात काहीच नसतं. ज्याने कधी कर्जच घेतलं नाही, त्याची परतफेडीची सवय बँकेला कळायची कशी? अशांनी मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्यावं, बेताने वापरावं आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरावं. त्यातून नोंद तयार होते. कधी हप्त्यांचा भार आड येतो. घर, गाडी, मोबाइल असे सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्याच्या आसपास गेले की बँका हात आखडता घेतात. मोबाइलच्या अ‍ॅपवरून 'आत्ता घ्या, नंतर भरा' म्हणून घेतलेली छोटी रक्कमही बहुतेक वेळा कर्ज म्हणूनच नोंदली जाते.

जुनं कर्ज 'सेटल' केलं असेल, म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून खातं मिटवलं असेल, तर ते 'क्लोज्ड'सारखं धरलं जात नाही. शक्य असेल तर उरलेली रक्कम भरून खातं रीतसर बंद करून घ्या.

बायकांच्या बाबतीत नावाचा घोळ फार होतो. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि पगाराच्या खात्यावर तिसरंच काही. पडताळणीत नाव, जन्मतारीख किंवा पत्ता जुळला नाही, तर पगार कितीही असला तरी अर्ज अडतो. सगळी कागदपत्रं एका नावावर आणा आणि मगच अर्ज करा.

नकारानंतर लगेच चार बँकांत अर्ज का करू नयेत, तेही सांगते. प्रत्येक अर्जासाठी बँक आपला अहवाल मागवते आणि ती चौकशी अहवालात नोंदली जाते. थोड्या दिवसांत अशा बऱ्याच चौकशा दिसल्या की माणूस पैशासाठी अडला आहे, असा अर्थ निघतो आणि पुढचा नकार ओढवतो. आधी कारण दूर करा, काही महिने जाऊ द्या, आणि जिथे पगार जमा होतो त्या बँकेपासून सुरुवात करा.

कार्ड द्यायचंच असं बंधन बँकेवर नाही. पण कारण सांगायचं बंधन आहे. ते सांगत नसतील तर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. तिथे ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि तिला एक पैसाही लागत नाही. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्याही आता लोकपालाच्या कक्षेत येतात. अर्जाचा क्रमांक, नकाराचा मेसेज आणि प्रत्येक पत्राची पोच जपून ठेवा, कारण पुढची सगळी दाद याच कागदांवर मागायची असते.