कार्बोरेटर साफ झाला आणि बुलेट बसली

हैदराबादेत मलकपेठच्या मिस्त्रीकडे १९८९ची बुलेट मी स्वतः चालवत नेली होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर तो चारचौघांत म्हणाला की गाडी आलीच मुळी मेलेली. मेलेली बुलेट काचीगुड्याहून मलकपेठला आपल्या पायांनी येत नाही. ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल टपकत होतं, तेवढीच तक्रार. सुई बदला, जेट साफ करा, गाडी द्या.

संध्याकाळी गेलो तर स्टार्ट होईना. त्याचा पोऱ्या किक मारून मारून घामाघूम झालेला. मिस्त्री हात पुसत आला आणि म्हणाला, "साब, कारबोरेटर एकदम टकाटक है. तुमारे इंजन में दमइच नै. पिस्टन गया, बोरिंग कराना पडता." सकाळी शंभर नंबरी चाललेल्या इंजिनाचा पिस्टन कार्बोरेटर उघडल्यावर कसा जातो, असं विचारलं. "पुरानी गाडी है साब, कब्बी बी जाती." वर हजारोंचा अंदाज आणि कार्बोरेटर सर्व्हिसची चिठ्ठी. ते पैसे आधी घेतले, हे वेगळं सांगायला नको.

दीडशे किलोंच्या वरचं ते धूड चादरघाटचा पूल ओलांडून घरापर्यंत ढकलत आणलं. रहदारीतले लोक "पेट्रोल खतम क्या?" विचारत होते.

इंजिनात दम आहे की नाही हे पाहायला मिस्त्री लागत नाही. डिकॉम्प्रेसर न दाबता किकवर उभं राहायचं. दम गेलेलं इंजिन पायाखाली भसकन बसतं. माझं सगळं वजन घेऊन किक तटून राहिली. म्हणजे बोरिंगची थाप तिथेच उघडी पडली. मग प्लग काढून टोपीत बसवला आणि सिलिंडरच्या पात्यांना टेकवून किक मारली. हे करताना प्लग भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ येत असते. निळी, तडतडीत ठिणगी. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवा, तोही बरोबर. प्लग मात्र कोरडा ठणठणीत.

यानंतरची युक्ती लक्षात ठेवा. प्लगच्या भोकात पेट्रोलचे चार थेंब सोडले, सांडलेलं पुसलं, प्लग घट्ट केला आणि किक मारली. इंजिन धडधडलं आणि लगेच विझलं. ठिणगी आहे, दम आहे, बाहेरून पाजलेलं पेट्रोल पेटतंय, पण कार्बोरेटरमधून नीट मिश्रण येत नाही. म्हणजे ज्याला "टकाटक" म्हटलं होतं, दोष तिथेच.

कार्बोरेटर सोडवून हातात घेतला आणि थबकलो. त्याच्या अंगावर "मिककार्ब" ही ओतीव अक्षरं असतात. उलटसुलट करून, बॅटरी मारून पाहिलं. अक्षरं नव्हती. आमच्या कार्बोरेटरच्या वाटीला बाबांच्या पान्याने उडालेला एक टवका होता, तोही नव्हता. दुरुस्तीला दिलेली वस्तू दुरुस्त झालीच नव्हती, ती बदलली गेली होती! बदल्यात आलेल्या नकली मालाचा फ्लँज इतका वाकडा की त्यावर पोलादी पट्टी उभी धरली तर खालून पलीकडचा उजेड दिसे. इंजिन आणि कार्बोरेटरमधलं जाड पॅकिंग तर गायबच. त्या फटीतून इंजिन नुसती हवा ओढत होतं. थंड इंजिन अशा पातळ मिश्रणावर कसं पेटणार?

सकाळी परत गेलो. माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "तुमारा वाला खराब था साब, मैं अच्छावाला डाला." मग जुना द्या. "कबाडी लेके गया." एका रात्रीत! आदल्या दिवशीच्या चिठ्ठीवर "सर्व्हिस" लिहिलंय, "नवा कार्बोरेटर" नाही, हे दाखवलं तर शेजारच्या हॉटेलातली मंडळी मलाच समजवायला लागली, "जाने दो साब, गरीब आदमी है." गरीब आदमीने मला बोरिंगचा खर्च सांगितला होता, ते कुणी विचारलं नाही.

शेवटी रानीगंजच्या गल्ल्यांत जुना, पण अस्सल कार्बोरेटर मिळाला. त्याचाही फ्लँज थोडा वाकलेला होता, कारण नट आवळताना लोक राग काढतात. सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून तो घासला, नवं पॅकिंग घातलं, दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळले. ॲमीटरचा काटा मध्यावर आणला, डिकॉम्प्रेसर दाबून किक किंचित पुढे सरकवली आणि मारली. बोरिंग न करता सुरू झाली.

तेव्हा कार्बोरेटरच्या कामानंतर गाडी बसली तर आधी तिथेच शोधा जिथे शेवटचा हात लागला. टाकी उतरवली असेल तर तिच्याखाली एखादी वायर चेपली आहे का, तेही पाहा. जेटमध्ये क्लच केबलची तार खुपसू देऊ नका. भोक मोठं होतं आणि मग ट्युनिंग कधीच जमत नाही. हवेच्या प्रेशरने साफ करायला सांगा. जेटवरचे नंबर लिहून ठेवा. पेट्रोल ताजं असावं, टाकीच्या झाकणाचं छिद्र मोकळं असावं. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्याने फुगतं. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर नळ बंद करून वाटी रिकामी करा. ओळखीचा मिस्त्री गाठा, हे सगळेच सांगतात. माझाही ओळखीचाच होता.

गाडी देण्याआधी कार्बोरेटरचा फोटो काढा, आतल्या बाजूला खिळ्याने एक खूण करा आणि मिस्त्रीसमोरच करा. काढलेला प्रत्येक जुना भाग परत हवा, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. त्याला तो नाही म्हणाला, तर किल्ली त्याच्या हातात देऊ नका.