फौजीची हरवलेली झोप आणि हातातला फोन

सातारा-सांगलीकडे फौजी नसलेले गाव शोधावे लागते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावालाच 'मिलिटरी' जोडले गेले आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. आपल्या समाजाचेही सैन्याशी नाते जुने. सुभेदार रामजी निवृत्तीनंतर साताऱ्यातच राहत होते. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हापासून आपल्या वस्त्यांमध्ये पेन्शनर दिसतातच.

या घरांतील बायकांना ठाऊक असते, पण फौजी डॉक्टरला सांगत नाही, अशी एक गोष्ट आहे: तो रात्री झोपत नाही. दोनला उठून अंगणात फेऱ्या मारतो, कुत्रे भुंकले की ताडकन उठून बसतो.

सीमेवरच्या चौकीत सावध, हलकी झोप जीव वाचवते. गावी धोका नाही, पण शरीराला ते कळलेले नसते. माणूस अंथरुणावर पडून झोपेची वाट पाहतो, घड्याळ बघतो, चिडतो. अशाने अंथरूण म्हणजे जागरण अशी गाठ मनात पक्की बसते. त्यात निवृत्तीनंतर शिरवळ किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत सिक्युरिटीची रात्रपाळी धरली, की उरलेसुरले वेळापत्रकही मोडते. आठवड्यातून तीन रात्री आणि तीन महिने असे चालले, तर तो जुनाट निद्रानाश समजावा.

घरोघरी यावर इलाज दोनच: कॅन्टीनची रम, नाहीतर गोळी. रमने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते. झोपेच्या अनेक गोळ्यांची सवय लागते आणि उतारवयात रात्री उठताना तोल जातो. म्हणूनच अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळी नव्हे, तर वर्तनोपचार सुचवला. त्याला 'सीबीटी-आय' म्हणतात.

सुरुवात वहीने होते. समजा, कोणी नऊला आडवा होतो, पाचला उठतो, पण झोप साडेपाच तासच लागते. समुपदेशक सांगतो, साडेअकराला अंथरुणावर जा आणि पाचला उठा. 'झोप नाही म्हणून आलो, तर तुम्ही आणखी कमी करता!' असे कोणीही म्हणेल. पण यानेच झोपेची ओढ वाढते आणि तुकड्यातुकड्यांची झोप सलग होते. अंथरुणावरचा ८५ टक्के वेळ झोपेत जाऊ लागला, की पंधरा-पंधरा मिनिटे वाढवतात. पाच तासांच्या खाली सहसा जात नाहीत. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही, तर उठायचे. पुस्तकात 'दुसऱ्या खोलीत जा' असते. दोन खोल्यांच्या घरात पडवीत किंवा चुलीपाशी पाटावर बसले तरी चालते. सकाळी उठण्याची वेळ मात्र रविवारीही तीच.

पहिले दोन आठवडे दिवसा पेंग येते, तेव्हा मोटारसायकल आणि यंत्र जपून. फेफरे किंवा बायपोलरचा आजार असेल, तर हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. मोठे घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे हा वेगळा आजार, त्याची तपासणी आधी करावी. चालू गोळी किंवा रोजची जास्त दारू एकदम तोडू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी.

या उपचारात सुई नाही, यंत्र नाही. आठवड्यातून एकदा बोलणे आणि वही, सहा-आठ भेटींचे काम. जत किंवा म्हसवडहून त्यासाठी दर आठवड्याला पुणे गाठणे कोणाला जमणार? पण बोलणे फोनवरही होते. अमेरिकेत माजी सैनिकांना हा उपचार व्हिडिओवरून देतात आणि गुण समोरासमोरच्या भेटीइतकाच येतो, असे अभ्यासांत दिसले आहे.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' आहे: क्रमांक १४४१६, मोफत, रात्रंदिवस, मराठीतही. सैनिक आणि कुटुंबीयांसाठी १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या एएफएमसीत त्याचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. संरक्षण खात्याच्या 'सेहत ओपीडी'वर आजी-माजी सैनिकांना डॉक्टर व्हिडिओवर भेटतात. माजी सैनिकांना ईसीएचएस पॉलिक्लिनिकही आहे. कुठेही 'झोप येत नाही' एवढेच म्हटले, तर गोळी हातात पडण्याचा संभव जास्त. 'सीबीटी-आय हवे, कोण देईल?' असे नाव घेऊन विचारावे.

नोकरीतला जवान 'मेडिकल कॅटेगरी खाली जाईल' म्हणून गप्प बसतो. त्याने फोन केला नाही, तर पत्नीने करावा, तोही चालतो. तोवर वहीत चार रकाने आखावेत: अंथरुणावर केव्हा गेला, अंदाजे केव्हा झोपला, किती वेळा उठला, सकाळी केव्हा उठला. हे सकाळी आठवून लिहायचे, रात्री घड्याळ बघत नाही. दोन आठवड्यांची अशी वही पहिल्या बोलण्यात फार उपयोगी पडते.