चीवर, गोधडी आणि स्वाभिमान

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक बोधप्रद प्रसंग आहे. कोसंबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंद स्थविरांना ५०० वस्त्रे दान दिली. इतक्या वस्त्रांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्खूंना ती देऊ, असे आनंदांनी सांगितले. आणि जुन्या चीवरांचे? त्यांची आच्छादने होतील. पुढे गादीच्या खोळी, जमिनीवरची अंथरुणे, पायपुसणी, धूळ झटकण्याची फडकी. अखेरीस ती कुटून, चिखलात मळून त्यांनी जमीन सारवली जाईल.

जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आपल्या आयाआज्यांनी हीच शिकवण जपली. परंतु एक भेद ध्यानी ठेवला पाहिजे. आपल्या पूर्वजांच्या अंगावरचे जुनेर जातिव्यवस्थेने लादलेले होते. म्हणूनच १९२७ साली महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ, स्वाभिमानी राहणीचा उपदेश केला.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे: सुटीत घरी आलेल्या मुलामुलींना अंगणात बसवून सुईदोरा हाती द्यावा आणि हा इतिहासही सांगावा. ज्याला दोन्ही उमगले, त्याला जुने वापरण्याची लाज वाटणार नाही आणि कोणी लादलेले जुने तो स्वीकारणारही नाही.